आईने उभी केलेली कालवड

वासराच्या पोटाखालून चादर घालून बाबांनी त्याला उचलून धरलं होतं. चादरीची दोन्ही टोकं खांद्यांवरून घेऊन त्यांनी मानेमागे गाठ मारली होती, त्यामुळे वासरू उभं आहे की बाबाच त्याच्यावर कोसळताहेत, हे दारातून कळत नव्हतं. धाकटीने बॅग खाली ठेवली आणि चादरीची एक बाजू आपल्या हातात घेतली.

घरात तिला अजून धाकटीच म्हणत. केस पिकायला लागले तरी थोरल्या भावापुढे धाकटी ती धाकटीच. शहरातल्या जनावरांच्या रोगनिदान प्रयोगशाळेत मात्र तिला सगळे वचकून असत. वासरं तोल जाऊन पडतात, गोल गोल फिरतात, मान मागे टाकतात, अशा गोठ्यांतून मेलेल्या वासरांची डोकी तिच्याकडे यायची. ‘बाकीच्यांना डोकं चालवावं लागतं, बाईंना नुसतं आणून दिलं की पुरतं,’ असं तिथला शिपाई नव्या माणसाला हमखास सांगायचा, आणि तीही दरवेळी हसायची. आज बाबांचाच फोन आला होता. बाहेरून विकत आणलेल्या दोन्ही गाई एकामागून एक गाभडल्या होत्या, आणि आता घरच्या गाईचं हे वासरू जन्मल्यापासून उभंच राहत नव्हतं.

“राहील उभं,” बाबा म्हणाले. “थोरलीला कुठं जमत होतं?”

थोरली म्हणजे गोठ्याच्या कोपऱ्यात रवंथ करत बसलेली म्हातारी गाय. विकतच्या दोघी सोडल्या तर गोठ्यातली प्रत्येक गाय तिची लेक, नात नाहीतर पणती. या घरात येणाऱ्या पाहुण्याला चहाच्या आधी थोरलीची गोष्ट मिळायची. धाकटी शाळेत होती तेव्हाची गोष्ट. मामाच्या गोठ्यात एक कालवड जन्मली, पुढचे पाय गुडघ्यात दुमडलेले, उभं राहायचं नाव नाही. मामाने तिची आशा सोडली होती. आईने तिला मांडीवर घेऊन टेम्पोतून घरी आणलं, बाटलीने दूध पाजलं, आणि पोटाखालून चादर घालून सकाळ-संध्याकाळ उभी करायला लागली. शेजारपाजारचे हसत. हात दाखवून अवलक्षण कशाला, म्हणत. आई कोणाचं ऐकणारी नव्हती. एका सकाळी चादर सुटली आणि कालवड पडली नाही. इथे आई जरा थांबायची, पाहुण्याकडे बघायची आणि म्हणायची, “आणि मग बाईसाहेब उभ्या राहिल्या.”

आई गेल्यावर गोष्ट बाबांकडे आली. ते ती अगदी तशीच सांगायचे, आई थांबायची तिथे थांबायचे, पण शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. तिथपर्यंत आले की ते चहा आणायला उठायचे.

धाकटीने वासरू तपासलं. ताप नव्हता, नाळ सुकलेली आणि स्वच्छ होती, कुठे मार लागल्याची खूण नव्हती. पण मागचे पाय ताठ होऊन लांब जात होते. पुढच्या पायाच्या खुरांमध्ये चिमटा घेतला तर पाय मागे घ्यायला ते उशीर करत होतं, जणू पायाची तक्रार डोक्यापर्यंत पोचतच नव्हती. एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरा बाहेर बघत होता. चीक पाजलात का, असं तिने विचारलं, आणि बाबा अभिमानाने म्हणाले की जन्मल्याबरोबर, बाटलीने. म्हणजे ती वाट बंद झाली. चिकातून आईच्या रक्तातली लढाऊ द्रव्यं वासरात उतरतात, मग वासराच्या रक्ताला विचारून काही कळत नाही. चीक पाजायच्या आधी रक्त घेतलं असतं तर निदान सोपं होतं, पण हे बाबांना कोणी सांगायला हवं होतं, आणि सांगणारी मुलगी शहरात लोकांच्या वासरांची डोकी कापत होती. दिव्याखाली अंधार तो हाच.

मग तिने परक्या गोठ्यात विचारते ते सगळे प्रश्न विचारले. पाणी कुठलं, वैरण कुठे ठेवता, नवीन जनावर कधी आणलं. शेवटी तो प्रश्न आला, जो ती प्रत्येक ठिकाणी सहज आवाजात विचारते. गाय व्याल्यावर पडलेल्या वारेचं काय करता?

बाबांचा चेहरा उजळला. आई वार पुरायची, मागच्या बाजूला, कमरेइतका खड्डा खणून. तिला भारी सोस होता खड्ड्याचा. त्यांना आता तेवढं खणवत नाही. आणि खरं सांगायचं तर पुरायची गरजही उरली नव्हती, कारण वार मुक्या खायचा. मुक्या म्हणजे आईचा कुत्रा, जन्मात धड भुंकला नाही म्हणून मुक्या. आई गेली तेव्हा तो तिच्या पलंगाखाली जाऊन पडला आणि त्याने अन्न सोडलं. दूध ठेवलं, मांस ठेवलं, बाबांनी स्वतःच्या ताटातलं ठेवलं, त्याने नाकही लावलं नाही. बरगड्या मोजता येतील असा झाला. एक दिवस गाय व्याली, बाबा फावडं शोधत होते, तेवढ्यात हा लटपटत गोठ्यात आला आणि वार खाऊ लागला.

“माझा जीव भांड्यात पडला बघ,” बाबा म्हणाले. “वाटलं, घरातलं एक तरी वाचलं. तेव्हापासून वार त्याचीच.”

धाकटीने वळून पाहिलं. मुक्या आत्ताही वैरणीच्या गंजीवर अंगाचं वेटोळं करून पडला होता. ऊब असते म्हणून तो तिथेच झोपतो, बाबांनी न विचारता सांगितलं.

तिला संशय होता तो एका परजीवीचा, डोळ्यांना न दिसण्याइतक्या बारीक. कुत्र्याने लागण झालेल्या गाईची वार खाल्ली की तो कुत्र्याच्या पोटात वाढतो, विष्ठेतून बाहेर पडतो, वैरणीवर पसरतो. गाय वैरण खाते आणि जन्मभर त्याला आपल्या अंगात वागवते. गाईला काही होत नाही. खाते, पिते, दूध देते. गाभण राहिली की तो गर्भात उतरतो, आणि मग कधी गाय गाभडते, कधी वासरू असं जन्मतं, मेंदूत आणि पाठीच्या कण्यात पाहुणा घेऊन. त्याला औषध नाही. गोठ्यागोठ्यांत जाऊन ती हे बजावून सांगायची की वार कुत्र्याला मिळू देऊ नका. आपल्या बापाला बजावायचं मात्र कधी तिच्या डोक्यात आलं नव्हतं. आई पुरायची ना, मग झालं.

पण खात्री नव्हती. एखाद्या क्षाराच्या कमतरतेनेही वासरू असं होतं, एखाद्या विषाणूनेही होतं. यातलंच काहीतरी असावं अशी तिची मनापासून इच्छा होती. तिने गोठ्यातल्या सगळ्या गाईंचं रक्त काढून बाटल्यांत भरलं आणि मग बाबांना सांगितलं की पक्कं कळायचं असेल तर वासराचा मेंदू पाहावा लागेल.

बाबांनी चादरीची गाठ सोडली नाही. थोरलीलाही वेळ लागला होता, म्हणाले. आईनं काय एका दिवसात उभी केली होती?

धाकटीने रजा वाढवली. रोज सकाळी चादरीचं एक टोक बाबांच्या खांद्यावर आणि दुसरं तिच्या. वासराचे खूर जमिनीला टेकायचे, क्षणभर भार घेतल्यासारखं व्हायचं आणि गुडघे मोडायचे. बाबा त्याच्याशी बोलत. लबाडा, आळशा, तुझ्या पणजीकडे बघ जरा. थोरली कोपऱ्यातून बघायचीसुद्धा, एक डोळा इकडे आणि दुसरा किंचित भिंतीकडे. ती दोन्हीकडे लक्ष ठेवते, असं आई म्हणायची. धाकटीला सगळं माहीत होतं आणि तरी तिसऱ्या दिवशी तिलाही वाटून गेलं की आज उभं राहील. आशा ही भलतीच चिवट असते, शिकल्याने ती मरत नाही.

मग वासराला दूध गिळता येईनासं झालं. पाजलेलं नाकातून परत यायचं, आणि ते खोकत खोकत निळं पडायचं. त्या दिवशी बाबांनी चादर झटकली, नीट घडी घातली आणि खुंटीवर ठेवली.

“ने,” ते म्हणाले. “पण इथंच कर. मी धरतो.”

त्यांनी वासराचं डोकं मांडीवर घेतलं. धाकटीने मानेतली शीर शोधली आणि औषध हळू आत सोडलं. वासराने एक लांब श्वास सोडला, त्यानंतर दुसरा घेतला नाही. बाबा बराच वेळ त्याचे कान चोळत बसले होते. ते गेलं आहे, हे तिला दोनदा सांगावं लागलं.

प्रयोगशाळेत ते डोकं दुसऱ्या कोणी उघडलं असतं तरी चाललं असतं. सहकाऱ्याने तसं सुचवलंही. पण तिला ते परक्या हातात द्यायचं नव्हतं. हात सवयीने चालले. मेंदू अखंड निघाला, दिसायला निरोगी. फॉर्मेलिनमध्ये तो घट्ट होईपर्यंत वाट पाहणं आलं, त्या दिवसांत ती नेहमीसारखी कामावर गेली आणि दुसऱ्यांच्या वासरांविषयी बोलली. मग पापुद्र्यासारखे काप काचपट्टीवर चढले, रंगवले गेले, आणि ती सूक्ष्मदर्शकाशी बसली. रक्तवाहिन्यांभोवती पेशींची गर्दी होती, अपघातापाशी लोक जमतात तशी. पट्टी सरकवत ती मेंदूला लागून आलेल्या मज्जारज्जूच्या टोकापाशी आली आणि तिथे त्या परजीवीची गाठ दिसली. गोल, जाड भिंतीची, आत ठासून भरलेली. सापडलं की या धंद्यातल्या माणसाला आनंद होतो, हा या धंद्याचा शाप आहे. तिलाही क्षणभर झाला. मग ती मान वर करून खिडकीकडे बघत बसली.

रक्ताचे निकाल त्याच दुपारी आले. विकतच्या दोघींना लागण होती. घरात आणल्या तेव्हा तिनेच त्यांचं रक्त तपासलं होतं आणि ते स्वच्छ होतं, म्हणजे त्यांना इथेच लागली होती. हे तिला अपेक्षितच होतं. पण पुढे वाचत गेली तशी ती सरळ होऊन बसली. थोरलीची लेक, लागण. दुसरी लेक, लागण. नाती, पणत्या, एकजात सगळ्या. आणि स्वतः थोरली.

कुत्र्याचं काम असं नसतं. वैरण सगळ्या खातात, कोणी सापडते, कोणी सुटते. एका घराण्यातली एकही सुटत नाही तेव्हा ते तोंडातून नाही, पोटातून आलेलं असतं. आईकडून लेकीला, लेकीकडून नातीला. आणि घराण्याच्या मुळाशी होती पुढचे पाय दुमडलेली, एक डोळा बाहेर बघणारी, उभी न राहणारी एक कालवड. तिने स्वतः लहानपणी जिला बाटली धरली होती. मामाच्या गोठ्यातून आईने मांडीवर घेऊन रोगच घरी आणला होता, दूध पाजून त्याला वाढवलं होतं, आणि पाहुण्यांना कौतुकाने सांगितलं होतं. परक्या गाई घेताना तपासल्या, घरच्यांचं रक्त घ्यायचं कोणाला सुचलंही नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. थोरलीच्या वंशात मधूनच एखादी गाभडायची तेव्हा आई म्हणायची, असतं एकेकीचं नशीब. आणि वार खोल पुरायची. का पुरते ते तिलाही सांगता आलं नसतं, पण त्या खड्ड्यांनी तो रोग इतकी वर्षं एका घराण्यात कोंडून ठेवला होता.

घरी जाताना बसमध्ये तिने ठरवून टाकलं. खऱ्याचे दोन तुकडे होते, त्यातला एकच बाबांना द्यायचा. आई गेलेली आहे, तिला आता काही लागत नाही. बाबा जिवंत आहेत आणि कुत्रा त्यांच्या पायाशी बसतो. थोरलीचं सांगायचं, मुक्याचं गाळायचं. ते खोटंही नव्हतं, नुसतं अर्धं होतं.

बाबा गोठ्यात उपड्या बादलीवर बसले होते. तिने समोर उकिडवं बसून सांगितलं. आजार थोरलीपासून आला. जन्मतःच तिच्यात होता. आईला कळणं शक्य नव्हतं, तेव्हा डॉक्टरांनाही कळलं नसतं. आहेत त्या गाई राहू देत, दूध देत राहतील. पण त्यांच्या कालवडी यापुढे ठेवायच्या नाहीत, गोठा त्यांच्यावर वाढवायचा नाही. थोरलीचं घराणं या गाईंबरोबर संपवायचं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मुक्या त्यांच्या पायाला पाठ घासत होता.

“आणि विकतच्या दोघी?” त्यांनी विचारलं. “त्या कुठं थोरलीच्या पोटच्या आहेत?”

जन्मभर जनावरांत गेलेल्या माणसाला अर्धं खरं पुरत नाही. मग तिने उरलेलं सांगितलं. वार, कुत्रा, गंजी, वैरण. सांगताना ती त्यांच्याकडे न बघता गव्हाणीकडे बघत होती, आणि प्रत्येक वाक्यामागे म्हणत होती की तुम्हाला माहीत नव्हतं, मीच सांगायला हवं होतं.

“म्हणजे तिनं पुरलेलं मी उकरलं,” बाबा म्हणाले.

तिला रडू आलं. बाबा रडले नाहीत. ते मुक्याच्या मानेवरून हात फिरवत राहिले, आणि त्यांनी विचारलं की दादाला काय सांगणार आहेस. दादा तिचा थोरला भाऊ, दूरच्या शहरात असायचा, निकाल कळव म्हणून त्याने बजावलं होतं. जे आहे ते सांगणार, ती म्हणाली.

“नको. जे आहे ते तू आणि मी, एवढ्यात राहू दे. बाकी सगळ्यांना कुत्र्याचं सांग. बाबांनी वार घातली, बाबा चुकले. मला चालेल.” त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. “तुझ्या आईनं एक वासरू उभं केलंय. ते पाडू नकोस.”

दादाला फोन त्यांनीच केला. धाकटी ओट्याशी उभी राहून ऐकत होती. माझी चूक झाली रे, ते सांगत होते, म्हातारपणी आळस केला, खड्डा खणायचा कंटाळा केला. पलीकडून दादा चिडलेला असावा, कारण बाबा नुसते हो, हो म्हणत होते. थोरलीचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही. बोलणी ऐकून घेताना त्यांचा चेहरा धाकटीला इतका शांत दिसला की तिला तो बघवेना.

त्यानंतर मुक्याला लांब दोरीने ओसरीवर बांधलं, गंजीभोवती जाळी आली. थोड्याच दिवसांत थोरलीची सगळ्यात लहान लेक व्यायला झाली म्हणून धाकटी पुन्हा आली. भर दुपारी गाय व्याली. कालवड झाली, तुकतुकीत, मोठ्या डोळ्यांची, आणि अंग पुसेपर्यंत चारी पायांवर उभी. लागण असलेल्या गाईची पुष्कळ वासरं अशी धडधाकट जन्मतात, रोग आत ठेवून. चीक पाजायच्या आधी धाकटीने तिचं रक्त घेतलं. निकाल काय येणार, हे दोघांनाही माहीत होतं. बाबा कालवडीकडे बघत राहिले. हिला उभी करायला कोणाची चादर लागली नव्हती, आणि हिलाच ठेवायचं नव्हतं.

वार पडल्यावर बाबांनी फावडं घेतलं. धाकटी मदतीला गेली तर त्यांनी तिला बाजूला व्हायला सांगितलं. दर चार फावड्यांना ते कंबर धरून थांबत होते. ओसरीवर मुक्या दोरी ताणून उभा होता. वास त्याच्यापर्यंत गेला असणार. तो भुंकला नाही, नुसता बघत राहिला, आणि बाबा त्याच्याकडे पाठ करून खणत राहिले. खड्डा कमरेइतका झाला तेव्हाच ते वर आले. त्या संध्याकाळी मुक्याने समोरचं अन्न हुंगलं आणि तोंड फिरवलं.

दूध न्यायला त्या दिवशी नवा माणूस आला होता. कॅन उचलता उचलता त्याची नजर कोपऱ्यात गेली. ही म्हातारी अशी दोन दिशांना काय बघते, त्याने हसून विचारलं.

बाबा फावडं धूत होते. त्यांनी ते भिंतीला टेकवलं, हात पुसले आणि गोष्ट सुरू केली. मामाचा गोठा, दुमडलेले पाय, टेम्पो, मांडी, बाटली, हसणारे शेजारी. एक शब्द इकडचा तिकडे नाही. धाकटी दारात उभी राहून ऐकत होती. कुठे कुठे रोग दिसतो ते तिला प्रत्येक वाक्यात कळत होतं, आणि बाबांनाही कळत होतं. खुंटीवर चादरीची घडी तशीच होती. बाबा त्या सकाळपर्यंत आले, चादर सुटल्याचं त्यांनी सांगितलं, कालवड पडली नाही हेही सांगितलं, आणि थांबले. नवा माणूस वाट बघत होता. बाबा चहा आणायला वळले, पण त्यांचा पाय उचलेना.

“आणि मग बाईसाहेब उभ्या राहिल्या,” धाकटी म्हणाली.